थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचं घरगुती ब्रेड स्टफिंग: ब्रेड वाळवण्यापासून मधला भाग १६५ अंशांवर पोचेपर्यंत

थँक्सगिव्हिंगला सगळी काळजी टर्कीची केली जाते आणि बिघडतं मात्र स्टफिंग, म्हणजे टर्कीसोबतचं ब्रेडचं सारण. वरून छान तांबूस दिसतं, पण चमचा घातला की आत चिकट लगदा. नाहीतर उलट: कोरडे तुकडे, जे ग्रेव्ही ओतल्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. तिसरा बिघाड ताटात दिसतही नाही. टर्कीच्या पोटातलं सारण मधोमध पुरेसं तापलेलंच नसतं आणि त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पोटाला लागतो.

पहिल्या दोन चुका पाण्याच्या हिशेबाच्या आहेत, तिसरी थर्मामीटर न लावण्याची. नुसती पाककृती वाचून त्या टळत नाहीत, कारण पाककृतीत प्रमाण असतं, पण कोणतं काम कोणत्या दिवशी करायचं आणि कशाआधी काय तपासायचं हे नसतं. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

हिशेब अमेरिकेतल्या स्वयंपाकघराचा धरला आहे: नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, १४ पौंडांची टर्की, दहा-बारा माणसं, दुपारी चारला जेवण. कॅनडातल्यांनी हेच दिवस ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारपासून मागे मोजावेत. ओव्हनचे आणि थर्मामीटरचे सगळे अंश फॅरनहाइटमधले आहेत आणि कप २४० मिलीलीटरचा.

सुरुवातीचा निर्णय: पोटात की वेगळ्या भांड्यात?

पारंपरिक पद्धत टर्कीच्या पोटात भरायची. त्यात टर्कीचा रस सारणात उतरतो आणि जी चव येते ती वेगळ्या भांड्यात पूर्णपणे येत नाही, हे खरंच आहे. पण हा रस उतरतो तेव्हा कच्चा असतो. त्यातले साल्मोनेलासारखे जंतू मरायचे तर सारणाचा अगदी मधला भाग १६५ अंशांवर, म्हणजे ७४ सेल्सिअसवर, पोचावा लागतो. आणि तो भाग सगळ्यात शेवटी तापतो. तोवर छातीचं मांस ठरलेल्या तापमानाच्या पुढे जाऊन कोरडं पडायला लागतं.

म्हणून मी दोन्ही करते. थोडं पोटात, थोडं भांड्यात. भांड्यातलं वरून कुरकुरीत होतं, पोटातलं मऊ आणि रसदार. दुसरं कारण आपल्या घरांचं आहे: दहा पाहुण्यांत दोन-तीन शाकाहारी असतातच, आणि टर्कीच्या पोटात गेलेलं स्टफिंग कितीही 'नुसता ब्रेड' वाटलं तरी शाकाहारी राहत नाही. भांड्यातला वाटा सुरुवातीपासून त्यांच्यासाठी वेगळा ठेवता येतो. खालची सगळी मापं अशा दोन वाट्यांची आहेत.

टर्की स्मोकरमध्ये किंवा ग्रिलवर करणार असाल, किंवा तेलात तळणार असाल, तर पोटात काहीही भरायचं नाही. सगळं स्टफिंग भांड्यात.

सामान

- साधा पांढरा ब्रेड, दीड पौंड (६८० ग्रॅम)
- बिनमिठाचं बटर, दीड स्टिक (१७० ग्रॅम), शिवाय भांड्याला लावायला थोडं
- दोन मोठे कांदे, चिरून अडीच ते तीन कप
- सेलरीचे पाच-सहा दांडे, चिरून दोन कप
- ताजी सेज (एक सुगंधी पाला) बारीक चिरून दोन टेबलस्पून, थाइमची पानं एक टेबलस्पून, पार्सली अर्धा कप
- कमी मिठाचा ब्रॉथ (मांस किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी), एकूण चार कप हाताशी (पोटातल्या वाट्याला चिकनचा किंवा टर्कीचा, भांड्यातल्याला भाज्यांचा)
- अंडी तीन
- मीठ, ताजी कुटलेली मिरपूड

यातल्या तीन-चार गोष्टींवर थांबायला हवं, कारण चुका दुकानातच सुरू होतात.

ब्रेड घट्ट अंगाचा घ्या. अगदी फुसफुशीत सँडविच ब्रेड ओला झाला की बसतो. गोड ब्रेड, म्हणजे हवाईयन रोल किंवा ब्रियोश, घेऊ नका. सेज आणि गोडवा यांचं जमत नाही. सावरडो (आंबवलेल्या पिठाचा ब्रेड) चालतो, पण त्याची साल जाड असेल तर अर्धी काढून टाका, नाहीतर चघळत बसावं लागतं. शाकाहारी वाट्यासाठी ब्रेडच्या पाकिटावरचे घटक वाचा. ब्रियोश आणि हाला ब्रेडमध्ये अंडं असतं.

वाळवलेले तुकडे पाकिटात तयार मिळतात आणि ते घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त पाकीट नीट पाहा. काहींत मीठ आणि मसाला आधीच असतो. ते आणून वर पुन्हा पूर्ण मीठ आणि सेज घातली की स्टफिंग खारट-कडू होतं.

वाळलेली सेज वापरत असाल तर ताज्याच्या एक तृतीयांश: दोन टीस्पून सेज, एक टीस्पून थाइम. डबी उघडून वास घ्या. मागच्या नोव्हेंबरात उघडलेली असेल आणि नाकाला काही जाणवत नसेल तर ती जेवणातही जाणवणार नाही.

मीठ किमान चार वाटांनी येतं: ब्रेडमध्ये असतं, ब्रॉथमध्ये असतं, बटरमध्ये असू शकतं, आणि दुकानातल्या बऱ्याच टर्कींना मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं. म्हणून बटर बिनमिठाचं आणि ब्रॉथ कमी मिठाचा. पाककृतीत 'कोशर मीठ' लिहिलं असेल आणि तुम्ही साधं बारीक मीठ वापरत असाल तर मोजमाप तेवढंच ठेवू नका. कोशर मीठ जाड दाण्याचं असल्यामुळे त्याच चमच्यात ते वजनाने बरंच कमी मावतं.

टप्पा १: रविवार, टर्की खालच्या कप्प्यात

गोठलेली टर्की फ्रीजरमधून फ्रिजमध्ये आणायची. दर ४ ते ५ पौंडांना २४ तास धरा. १४ पौंडांच्या टर्कीला तीन-साडेतीन दिवस. रविवारी सकाळी हलवली तर गुरुवारी सकाळपर्यंत थोडा वेळ हातात राहतो. ट्रेमध्ये ठेवून सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे तिचं पाणी कोथिंबिरीवर गळणार नाही.

बुधवारी ती अजून घट्ट असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात बुडवा, पौंडाला अर्धा तास या हिशेबाने, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अशी टर्की सुटल्यावर लगेच शिजवायची असते, म्हणून हे काम बुधवारी रात्री नाही, गुरुवारी पहाटे करा.

> खबरदारी: गुरुवारी सकाळी पोटात हात घातल्यावर बर्फ लागला, तर त्या दिवशी पोटात सारण भरू नका. गोठलेल्या पोकळीतलं सारण तासन् तास कोमट राहतं, आणि जंतूंना तेच हवं असतं. सगळं भांड्यात करा, कोणी नाराज होणार नाही.

टप्पा २: मंगळवार, ब्रेड वाळवणे

स्टफिंगचं भवितव्य इथे ठरतं, आणि नेमकं हेच काम बहुतेकजण टाळतात.

'शिळा ब्रेड घ्या' असं सर्रास सांगितलं जातं. शिळा आणि वाळलेला यांत फरक आहे. चार दिवस पिशवीत ठेवलेला ब्रेड हाताला कडक लागतो, कारण त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. पाणी मात्र बरंचसं आतच असतं. त्याच्यात ब्रॉथ शोषायला जागाच नसते. तुम्ही ब्रॉथ ओतता, तो तुकड्यांच्या बाहेर राहतो, बाहेरचा थर विरघळतो आणि लगदा होतो. आपल्याला पाणी बाहेर काढायचं आहे, म्हणजे त्या जागी चवीचा ब्रॉथ जाईल.

१. दातेरी सुरीने ब्रेडचे अर्धा ते पाऊण इंचाचे चौकोनी तुकडे करा. साल राहू दे. त्याहून लहान केले तर भिजल्यावर विरतात, मोठे केले तर मधे कोरडे राहतात. हाताने तोडलेले ओबडधोबड तुकडेही चालतात, भांड्यातल्या वाट्यात तर ते जास्त छान कुरकुरतात.

२. दोन मोठ्या ट्रेंमध्ये एकाच थरात पसरा. ढीग केला तर खालचे वाफेने ओलेच राहतात.

३. ओव्हन २७५ अंशांवर. ४५ ते ६० मिनिटं. दर १५ मिनिटांनी हलवा आणि ट्रेंच्या जागा वर-खाली बदला.

४. बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना डब्यात भरले की वाफ धरून पुन्हा मऊ पडतात.

रंग आणायचा नाही हे लक्षात ठेवा. आपण टोस्ट करत नाही आहोत, पाणी काढतो आहोत. हलका पिवळसरपणा आला तर चालेल. ४०० अंशांवर दहा मिनिटांत 'पटकन' केलेले तुकडे बाहेरून भाजतात आणि आत ओले राहतात.

> तपासणी: ट्रेमधला सगळ्यात मोठा तुकडा उचला आणि मधोमध मोडा. तो कट्कन मोडला पाहिजे. आत बोटाने दाबल्यावर जराही मऊ लागला तर आणखी दहा मिनिटं. वजनकाटा असेल तर आणखी सोपं: ६८० ग्रॅम ब्रेड वाळल्यावर ५०० ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे.

तुकडे झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये नको. दोन दिवस आरामात राहतात. दीड पौंडाचे साधारण सोळा कप तुकडे होतात.

टप्पा ३: बुधवार, कांदा आणि सेलरी

कांदा आणि सेलरी पाव इंचाच्या आसपास बारीक चिरा. सेलरीच्या बाहेरच्या जाड दांड्यांचे धागे सोलून काढा, आतली कोवळी पानं मात्र टाकू नका. वास त्यांतच जास्त असतो.

रुंद कढईत बटर मंद आचेवर वितळवा, कांदा-सेलरी आणि एक टीस्पून बारीक मीठ घाला. मध्यम-मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. कांदा पारदर्शक आणि सेलरी चमच्याने दाबली जाईल इतकी मऊ व्हायला हवी.

आपल्या हाताला इथे सवय आडवी येते. कांदा लालसर झाल्याशिवाय आपल्याला तो शिजल्यासारखा वाटत नाही. इथे लाल करायचा नाही. लाल कांद्याचा गोडवा सेजवर चढतो. आलं-लसूण पेस्टचंही तेच. घालून पाहणारे पुष्कळ आहेत. माझं मत विचाराल तर ती गेली की स्टफिंगला स्टफिंगचा वास उरत नाही. तिखट हवंच असेल तर एखादी हिरवी मिरची कांद्याबरोबर घाला, ती जागा चोरत नाही.

आच बंद करायच्या एक मिनिट आधी सेज आणि थाइम. बटरमध्ये गरम झाल्यावर त्यांचा वास सुटतो. पार्सली आज नाही, उद्या.

उथळ भांड्यात काढून गार करा, झाकून फ्रिजमध्ये. हे मिश्रण अजून पूर्ण शाकाहारी आहे, म्हणून ते एकदाच करून दोन्ही वाट्यांना वापरता येतं.

सॉसेज, कलेजी किंवा ऑयस्टर घालायचे असतील तर तेही आजच वेगळ्या तव्यावर पूर्ण शिजवून घ्या. कच्चं मांस सारणात मिसळून 'टर्कीत शिजेल' म्हणून सोडायचं नाही. हे फक्त पोटातल्या वाट्यात जाईल.

घरचा ब्रॉथ करायचा तर टर्कीच्या पोटातली आणि मानेकडच्या पोकळीतली पिशवी शोधा. मान, हृदय आणि गिझार्ड (पक्ष्याची दाणे दळणारी पोटातली पेटी) पाण्यात एक कांदा, एक सेलरीचा दांडा घालून दीड-दोन तास मंद उकळा. यकृत त्यात घालू नका, ब्रॉथ कडवट होतो.

> खबरदारी: ब्रेड, भाजी, ब्रॉथ आणि अंडं हे सगळं बुधवारी रात्री एकत्र करून 'उद्या फक्त भरायचं' असं ठेवू नका. आणि टर्की तर रात्री भरून ठेवायचीच नाही. ओलं आणि कोरडं वेगवेगळं ठेवा, भरण्याच्या क्षणी एकत्र करा.

टप्पा ४: गुरुवार साडेदहा, पहिला वाटा मिसळणे

दोन मोठी पातेली घ्या. एकात दहा कप तुकडे, हा टर्कीचा वाटा. दुसऱ्यात सहा कप, हा भांड्याचा. दुसरं पातेलं झाकून बाजूला ठेवा. त्याला दुपारी तीनपर्यंत हात लावायचा नाही. त्याचा चमचाही आत्ताच वेगळा काढून ठेवा, म्हणजे गर्दीत कोणी टर्कीचा चमचा त्यात घालणार नाही.

आता पहिल्या वाट्याचा क्रम असा:

१. ओव्हन ३२५ अंशांवर तापत लावा.

२. कांदा-सेलरीचं मिश्रण कढईत पुन्हा गरम करा, थिजलेलं बटर वितळलं पाहिजे. त्यातलं दोन तृतीयांश पहिल्या पातेल्यात, बाकीचं परत फ्रिजमध्ये. अर्धी पार्सली घाला.

३. चिकन ब्रॉथ दोन कप, गरम. आधी सव्वा कप सगळीकडे फिरवून ओता. मोठ्या चमच्याने खालून वर घ्या, घोटू नका. पाच मिनिटं थांबा.

४. या पाच मिनिटांत काय होतं ते पाहा. वरवर ओले दिसणारे तुकडे पाणी आत ओढतात आणि पातेलं पुन्हा कोरडं दिसू लागतं. आता उरलेला ब्रॉथ थोडा थोडा घाला.

५. चव घ्या. मीठ, मिरपूड इथेच नक्की करा, कारण पुढच्या पायरीनंतर चव घेता येणार नाही.

६. दोन अंडी फेटून घाला, हलक्या हाताने मिसळा.

चौथ्या पायरीत थांबायचा कंटाळा करणारे दोन प्रकारे फसतात. एकतर सगळा ब्रॉथ एकदम ओततात आणि तळाशी तळं होतं. नाहीतर ब्रॉथ वरवर दिसतो म्हणून कमी घालतात, आणि मधला ब्रेड कोरडाच राहतो.

> तपासणी: मूठभर मिश्रण हातात घेऊन हलकं दाबा. गोळा धरला पाहिजे, पण बोटांमधून पाणी येता कामा नये. पातेलं तिरकं करा: तळाशी ओघळ दिसला तर जास्त झालं, मूठभर कोरडे तुकडे आणखी घाला. टर्कीचा वाटा भांड्यातल्यापेक्षा किंचित कमी ओला ठेवायचा, कारण त्यात टर्कीचा रस येणार आहे. पण कोरडा नको. ओलसर सारणात उष्णतेने जंतू लवकर मरतात.

टप्पा ५: टर्की भरणे

टर्की धुऊ नका. सिंकखाली धुतलेल्या टर्कीचं पाणी ओट्यावर, नळावर, शेजारच्या सॅलडच्या पातेल्यावर उडतं, आणि जंतू काही धुऊन जात नाहीत. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून टिपून घ्या. दोन्ही पोकळ्या तपासा. कागदी पिशवी आत राहून तशीच भाजली गेल्याचे किस्से दर वर्षी ऐकू येतात.

मिश्रण गरम असतानाच चमच्याने सैल भरा. सैल म्हणजे खरोखर सैल. भरल्या वांग्यात सारण अंगठ्याने दाबून बसवतो तसं इथे केलं तर दोन गोष्टी होतात: अंड्याने आणि रसाने फुगणाऱ्या ब्रेडला जागा मिळत नाही म्हणून तो गच्च गोळा होतो, आणि उष्णता मधे पोचत नाही. कमाल माप पौंडाला पाऊण कप. १४ पौंडांना साडेदहा कप होतात, पण आपलं भिजून बसलेलं मिश्रण त्याहून कमी भरेल आणि तेच बरं. थोडं मानेच्या पोकळीत भरून कातडी खाली दुमडा आणि काडीने टोचून ठेवा. उरलं तर छोट्या वाटीत काढून लगेच वेगळं भाजा. 'एवढंसंच आहे' म्हणून कोंबू नका.

एक सोय सुचवते. चीजक्लॉथचा (विरळ विणीच्या सुती कापडाचा) तुकडा पोकळीत आधी अंथरून त्यात सारण भरा, तोंड सैल बांधा. शेवटी आख्खी पुरचुंडी एका ओढीत बाहेर येते.

भरल्याबरोबर टर्की ओव्हनमध्ये. ओट्यावर ठेवून बटाटे सोलायला घेऊ नका. ओव्हन ३२५ च्या खाली कधीही नाही. रात्रभर कमी आचेवर ठेवायची पद्धत भरलेल्या टर्कीला लागू नाही.

भरलेल्या टर्कीला ३२५ अंशांवर लागणारा वेळ साधारण असा:

- ८ ते १२ पौंड: ३ ते साडेतीन तास
- १२ ते १४ पौंड: साडेतीन ते ४ तास
- १४ ते १८ पौंड: ४ ते सव्वाचार तास
- १८ ते २० पौंड: सव्वाचार ते पावणेपाच तास

आपली टर्की अकराला आत गेली तर तीनच्या सुमाराला होईल. वेळ हा फक्त अंदाज, निर्णय थर्मामीटरचा.

टप्पा ६: तापमान मोजणे

अडीचपासून मोजायला लागा. तीन ठिकाणी: मांडीचा सगळ्यात जाड भाग, छातीचा सगळ्यात जाड भाग, आणि पोकळीच्या तोंडातून सरळ सारणाच्या मधोमध. सळई हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो. कच्च्या मांसात घातलेली सळई पुढच्या वेळी घालण्याआधी गरम साबणपाण्याने धुवा. तिन्ही ठिकाणी १६५.

> खबरदारी: काही टर्कींच्या छातीत प्लास्टिकचं बटण रोवलेलं असतं, ते 'झालं की वर येतं'. त्याला सारणाबद्दल काहीही कळत नाही. बटण वर आलं आणि सारण १४० वर आहे, असंही होऊ शकतं.

छाती-मांडी १६५ झाली आणि सारण नाही, अशी वेळ आलीच तर घाबरून टर्की आणखी तासभर कोरडी करू नका. पुरचुंडी किंवा सारण स्वच्छ चमच्याने भांड्यात काढा, ओव्हन ३५० वर न्या आणि तिथे सारण १६५ होईपर्यंत ठेवा. टर्की तोवर बाहेर विसावते. या अर्धवट सारणाला लागलेला चमचा पुन्हा कशालाही लावू नका.

सगळं १६५ असेल तर टर्की बाहेर काढून २० मिनिटं तशीच राहू द्या, मग सारण पूर्ण बाहेर काढा आणि त्यानंतर कापायला घ्या. कोपऱ्यात राहिलेलंही काढा.

टप्पा ७: तीन वाजता, भांड्यातला वाटा

टर्की बाहेर आली की ओव्हन मोकळा होतो, आणि विसाव्याचा व कापण्याचा वेळ मिळून पाऊण तास हातात असतो. हा वाटा नेमका तेवढ्यात होतो, म्हणून तो आधी करायची घाई नको.

तीनला दहा मिनिटं असताना दुसऱ्या पातेल्यात उरलेली भाजी गरम करून घाला, उरलेली पार्सली, भाज्यांचा गरम ब्रॉथ दीड कप, आधीसारखाच दोन हप्त्यांत. चव घ्या. मग एक अंडं. अंडं न खाणारे असतील तर ते वगळून तीन टेबलस्पून ब्रॉथ जास्त घाला. तुकडे थोडे सुटे राहतील, चवीत फरक पडत नाही. भाज्यांचा ब्रॉथ चिकनपेक्षा पातळ चवीचा असतो, त्यामुळे मूठभर मशरूम बटरमध्ये चांगली तांबूस परतून यात घातली तर ती उणीव भरून निघते. मशरूम मात्र लाल करायची, कांद्यासारखी पांढरी नाही.

८ इंची चौकोनी भांड्याला बटर लावून मिश्रण पसरा, दाबू नका. वर बटरचे चार तुकडे. फॉइलने घट्ट झाकून ३५० अंशांवर २५ मिनिटं, मग फॉइल काढून आणखी २० मिनिटं. मधोमध १६५ आणि वर तांबूस. झाकलेला वेळ आत शिजवण्यासाठी, उघडा वेळ कुरकुरीतपणासाठी. फॉइल न लावता सुरुवात केली तर वरचा थर मधला भाग तापायच्या आधीच करपतो.

सगळंच स्टफिंग भांड्यात करायचं ठरवलं असेल तर ९ बाय १३ इंचांचं खोल भांडं घ्या, एकूण ब्रॉथ चार कप, आणि दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटं वाढवा.

ऐनवेळी बिघडलं तर

कोरडं झालंय: पाव कप गरम ब्रॉथ चमच्याने सगळीकडे शिंपडा, फॉइल लावून दहा मिनिटं ओव्हनमध्ये. एकदम जास्त ओतू नका.

ओलं झालंय: रुंद ट्रेमध्ये पातळ पसरा, ४०० अंशांवर उघडं १५ मिनिटं. सुंदर दिसणार नाही, पण खाल्लं जाईल.

खारट झालंय: कोरडे बिनमिठाचे तुकडे आणि बिनमिठाचा ब्रॉथ वाढवा. हे मिसळतानाच कळलं तर सोपं, म्हणून अंड्याआधीची चव सोडायची नाही.

अळणी झालंय: शिजलेल्या स्टफिंगवर सुकं मीठ भुरभुरून काही होत नाही, ते वरच राहतं. थोड्या वितळलेल्या बटरमध्ये मीठ आणि मिरपूड मिसळून वरून सोडा.

चिकट गोळा झालाय: याला उपाय नाही. ब्रेड वाळला नव्हता किंवा फार घोटलं गेलं. तव्यावर बटर टाकून त्याच्या थापट्या दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करा आणि तसंच वाढायचं होतं असं दाखवा.

टप्पा ८: उरलेलं

ओव्हनमधून बाहेर आल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, पत्ते निघाले आणि स्टफिंग टेबलावरच, हा नेहमीचा प्रकार आहे. म्हणून घरातल्या एकाला आधीच हे काम वाटून द्या. उथळ डब्यांत भरा, खोल डब्यात मधलं तासन् तास गरम राहतं. सारण टर्कीच्या सांगाड्यात ठेवून सांगाडाच फ्रिजमध्ये टाकायचा नाही.

पाहुण्यांना डबे भरून द्यायची आपली पद्धत आहेच. दोन तासांचा नियम त्या डब्यांनाही लागू आहे. कोणी तासाभराच्या अंतरावर राहत असेल तर डबे आधी फ्रिजमध्ये गार करा, निघताना हातात द्या, सोबत बर्फाची पिशवी. शाकाहारी डब्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहा, कारण गार झाल्यावर दोन्ही वाटे सारखेच दिसतात.

फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, त्यापुढे ठेवायचं तर फ्रीजरमध्ये. पुन्हा गरम करताना दोन चमचे ब्रॉथ शिंपडून, झाकून, पुन्हा १६५ पर्यंत. शुक्रवारी सकाळी तव्यावर बटरमध्ये परतून वर अंडं फोडायचं असेल तर तेवढं गुरुवारीच वेगळ्या डब्यात लपवून ठेवा.